काटेवाल्यांचा आवाज

कपाटात एकशे एक्याण्णव डब्या होत्या. वरच्या फळीवर बासष्ट, मधल्या फळीवर सहासष्ट, खालच्या फळीवर त्रेसष्ट. सात डब्या रिकाम्या निघाल्या आणि एकीत कॅसेटऐवजी शर्टाची बटणं. म्हणजे कॅसेटी एकशे त्र्याऐंशी. एका बाजूला एक मुलाखत, म्हणजे मुलाखती तीनशे सहासष्ट. भाचीनं आकडे वहीत मांडले, खाली रेघ मारली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ज्या माणसासाठी आपण सकाळपासून धूळ नाकात घेतोय, तो ह्यांत कुठेच नाही.

आत्या पंधरा वर्षं एका साप्ताहिकात माणसांवर लिहायची. एक आठवडा नामवंत, एक आठवडा साधा माणूस, हा पायंडा तिनंच पाडलेला. लिफ्टला घाबरून नवव्या मजल्यापर्यंत जिने चढणारी गायिका एका अंकात, तर पुढच्या अंकात प्रयोगशाळेच्या काचनळ्या वाकवणारा कारागीर. घरातले सगळे त्या वेळी साप्ताहिक आलं की मागचं पान आधी उघडायचे. भाची तेव्हा पाचसहा वर्षांची होती. वाचता येत नव्हतं, पण आत्याच्या रेकॉर्डरचं लाल बटण दाबायला मिळावं म्हणून ती तिच्या मागे मागे असायची. परवानगी कधी मिळाली नाही ती नाहीच.

आता साप्ताहिक बंद पडून जमाना झाला होता. आणि मंगळवारी एका बाईंचा फोन आला. त्यांचे वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. औषधाची दुकानं, सराफ, शाळांच्या प्रयोगशाळा, जिथे जिथे नाजूक काटा बिघडे तिथे काटेवाले जात. आत्यानं त्यांच्यावर लिहिलेलं कात्रण घरी अजून जपलेलं होतं. वडील गेले त्याला अकरा वर्षं झाली. फोटो चार आहेत, आवाज एकही नाही. आईचा उजवा कान गेला, डावा जायच्या वाटेवर आहे. डॉक्टर म्हणतात फार तर सहा महिने ऐकू येईल. तेवढ्यात एकदा ऐकवता आलं तर बघा.

आत्या फोनवर म्हणून बसली, "आहे ना. रविवारी या."

"आत्या, सगळे नामवंतच आहेत इथे," भाची म्हणाली. "साधी माणसं कुठे ठेवलीस?"

आत्या खुर्चीत बसून चष्मा पुसत होती. तो पुसून झाला तरी पुसतच राहिली.

"त्यांच्यावरच तर हे सगळे बसलेत," ती म्हणाली.

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. कार्यालयातून कोऱ्या कॅसेटी मोजून मिळत. साध्या माणसाची मुलाखत आत्या घरी आणून ऐकायची, उतरवून काढायची, लेख छापून आला की त्याच बाजूवर पुढचा नामवंत. साध्या माणसाचं नाव कॅसेटवरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहायची, खोडायला सोपं म्हणून. नामवंताचं शाईनं. नामवंत उद्या कोर्टात जाऊन म्हणाला की मी असं बोललोच नाही, तर पुरावा हवा. काचनळीवाला कशाला कोर्टात जातोय? तेव्हा ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, आत्यालाही नाही. फक्त काटेवाल्यांनी निघताना विचारलं होतं, हे राहील ना? आणि आत्या सहज म्हणाली होती, राहील की.

"रविवारी त्या बाईला काय तोंड दाखवू मी?"

भाचीच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरू लागलं होतं. तिनं विचारलं, नामवंत किती वेळ बोलायचे? आत्याला हा प्रश्न त्या घडीला अगदीच बिनकामाचा वाटला. तरी ती म्हणाली, कसले बोलतायत, वीस मिनिटं देतो म्हणायचे आणि पंधराव्या मिनिटाला घड्याळ बघायचे. आणि साधी माणसं? ती काय, आत्या म्हणाली, त्यांना आयुष्यात कुणी पहिल्यांदा विचारलेलं असायचं. कॅसेट संपून खटका पडला तरी बोलत राहायची.

"मग झालं तर," भाची म्हणाली. "नामवंत जिथे थांबला, तिथपर्यंतच पुसलं गेलंय. पुढची शेपटी तशीच असणार."

आत्यानं चष्मा चढवला. तिच्या चेहऱ्यावर आशा आणि संशय दोन्ही होते. बाजू तीनशे सहासष्ट. त्यातली काटेवाल्यांची कोणती, हे तिला काही केल्या आठवेना. भाचीनं पडदे ओढले, टॉर्च घेतला आणि चिठ्ठ्यांवर तो आडवा धरला. आत्या पेन्सिल अशी दाबून लिहायची की कागदाच्या मागे उठाव यावा. वरची शाई कितीही ठळक असली, तरी आडव्या उजेडात खोडलेल्या नावाचे चर दिसत होते. लिफ्टवाल्या गायिकेखाली एक पोस्टमन निघाला. एका फलंदाजाखाली दाई. आत्या प्रत्येक नावाला "अगं बाई, ही" नाहीतर "हा तर किती गोड माणूस" म्हणायची आणि गोष्ट सांगत बसायची. दुपारपर्यंत काम जेमतेम निम्मं झालं. शेवटी भाचीनं तिला चहा करायला पाठवलं.

दोनशे चौदाव्या बाजूवर, एका विनोदी नटाच्या नावाखाली, "काटे" एवढी दोन अक्षरं दिसली.

शनिवारी भाचीनं जुना रेकॉर्डर उघडला, स्पिरिटच्या बोळ्यानं आतून पुसला, नवे सेल घातले. नट भरभर पुढे पळवला. तो म्हणाला, झालं ना बाई, मला निघायचंय. मग खट्, आणि वाक्याच्या मधूनच दुसरा माणूस सुरू झाला: "...कागदाचा कपटा ठेवला तरी पारडं हललं पाहिजे. नाहीतर त्याला काटा कशाला म्हणायचं?"

आत्यानं तोंडावर हात ठेवला. मग टेपमधली तरुण आत्या काहीतरी विचारून हसली, आणि म्हातारी आत्या म्हणाली, शी, इतकी भसाडी नव्हते गं मी. भाचीनं तिला समजावलं, स्वतःचा आवाज प्रत्येकालाच परका वाटतो, आपल्या हाडांतून तो वेगळा ऐकू येतो. मग तिनं घड्याळ लावून शेपटी मोजली आणि वहीत लिहिली: सात मिनिटं चार सेकंद.

रविवारी दोघी आल्या. मुलगी पन्नाशीची, आई सुकलेली, पण ताठ. आत्यानं त्यांना पाणी देण्याआधीच सगळं सांगून टाकलं. तुमच्या वडिलांना शब्द दिला होता, तो पाळला नाही, वर फोनवर तुम्हाला थाप मारली. मुलीचा चेहरा उतरला. तिनं एवढंच विचारलं, की आहे किती. सात मिनिटं चार सेकंद, भाचीनं सांगितलं, आणि तिला उगाचच अभिमान वाटला.

रेकॉर्डर आईच्या डाव्या कानाशी धरला. काटेवाले बोलू लागले. धुळीबद्दल, वाऱ्याबद्दल, काटा उघडा असला की घरात कुणी शिंकायचं नाही त्याबद्दल. मुलीच्या डोळ्यांना धार लागली. आई मात्र कपाळाला आठी घालून ऐकत होती. मिनिटभरानं तिनं मान हलवली.

"हे नव्हेत हे."

मुलगी म्हणाली, अगं आई, बाबाच आहेत, शिंकेचं कोण बोलणार दुसरं? आई म्हणाली, बोलणं त्यांचंच आहे, आवाज त्यांचा नाही. त्यांचा आवाज बारीक. हा कुणीतरी जाड माणूस त्यांचं बोलणं सावकाश बोलून दाखवतोय.

भाचीचे कान तापले. आवाज सेकंदापर्यंत मोजला होता, आणि ज्या यंत्रावर मोजला ते बरोबर चालतंय का हे एकदाही पाहिलं नव्हतं. आतला पट्टा म्हातारा झाला होता, यंत्र हळू चालत होतं. तिनं पाठ उघडली. मोटरच्या बुडाशी बारीक भोक होतं, त्यात वेगाचा स्क्रू. आदल्या दिवशी पुसताना तो दिसला होता, तेव्हा ती त्याच्यावरून बोळा फिरवून पुढे गेली होती.

"आजी, मी फिरवते. तुम्ही सांगा."

काटेवाले बोलत राहिले आणि भाची केसभर केसभर स्क्रू फिरवत राहिली. अजून, आजी म्हणाल्या. अजून. मग, छे, आता पोरगं झालं, मागे घ्या. मुलगी रडता रडता हसली. आत्या खुर्चीच्या कडेवर आली होती. भाचीनं स्क्रू जरासा मागे घेतला. आजींची आठी सुटली. त्यांनी कान रेकॉर्डरला टेकवला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता हे आले."

भाचीनं टेप मागे नेली, नटाच्या खटक्यापाशी थांबवली आणि घड्याळ हातात घेतलं. शेवटचा खटका पडला तसं तिनं घड्याळ थांबवलं.

सहा मिनिटं एकतीस सेकंद.