जावयाची तबर आणि आज्याची कुऱ्हाड

दादू नागवेकरांची उभी हयात बोटीच्या इंजिनरूममध्ये गेली होती, त्यामुळे माणसांचं बोलणं त्यांना निम्मंच ऐकू यायचं. उरलेल्या निम्म्याला ते मान हलवायचे. निवृत्त होऊन पावसला गावच्या घरी येऊन राहिल्यावर ही सवय सगळ्यात कामाला आली ती जावयासमोर.

लेकीचा, योगिनीचा, नवरा विनीत पुण्याचा. नोकरी बँकेत, पण जीव सगळा जुन्या हत्यारांत. शाळाशाळांतून तलवारी नि भाले मांडून व्याख्यानं द्यायचा. मुलगा निर्मळ होता, पण बोलायला लागला की आवरायचा नाही. ताटातला माशाचा काटा बाजूला काढतानासुद्धा तो कट्यारीवर घसरे. दादू मान हलवत. जावई तो, त्याला गप्प कोण बसवणार?

त्या मे महिन्यात दापोलीच्या एका शाळेतल्या सुट्टीच्या शिबिरातलं व्याख्यान आटोपून तो योगिनीला घेऊन पावसला आला. दुसऱ्या दिवशी दुपारी असा काही वारा सुटला की अंगणातल्या फणसाची मांडीएवढी, नव्हे माणसाच्या कमरेएवढी जाड फांदी फळांसकट मोडली आणि नेमकी फाटकात आडवी पडली. गाडी आत, रस्ता बाहेर.

"बरं झालं," दादूंची बायको सगुणा म्हणाली. "जावईबापू आता वाईच राहतील तरी."

झाडं कापणारा लांज्याचा कटरवाला फोनवर "परवा येतो" म्हणाला. घरातली रोजची कुऱ्हाड शेजारच्या आनंदीबाईंनी मागून नेली होती, आणि आनंदीबाई घराला कुलूप घालून लेकाकडे मुंबईला गेल्या होत्या. दादू निवांत झाले. परवापर्यंत आता करण्यासारखं काही नव्हतं.

पण विनीत उठला. "बाबा, कुऱ्हाड आहे माझ्याकडे."

त्यानं गाडीच्या डिकीतून लाल मखमलीत गुंडाळलेलं काहीतरी आणलं, आणि देव्हाऱ्यातला देव काढावा तसं उलगडलं. आत तबर होती. लढाईची कुऱ्हाड. पातं चंद्रकोरीसारखं बाकदार, वीतभर रुंद, दांडा सडपातळ आणि त्यावर पितळी वेलबुट्टी.

"घोड्यावरून एका हातानं चालवायची, बाबा. म्हणून इतकी हलकी. एकाच घावात चिलखत—"

दादूंनी मान हलवली आणि पात्यावरून अंगठा फिरवला. पापडासारखं पातळ! याला पोटच नाही, मग लाकूड उकलणार कसं? लाकडाला पाचर लागते. पण जावयाला कसं सांगावं? "छान आहे," ते म्हणाले.

विनीतनं शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि घाव घातला. तबर लोण्यात सुरी जावी तशी आत गेली आणि तिथंच बसली. ती वर येईना, खाली जाईना. विनीतनं ओढून पाहिलं, हलवून पाहिलं, शेवटी ओंडक्यावर पाय देऊन खेचली. तबर सुटली ती विनीतला घेऊनच. तो पाठीवर पडला, तबर त्याच्या हातात उभी.

"लागलं नाय ना?" सगुणा धावली.

"छे, छे. पकड तपासत होतो."

पकड त्यानं आणखी बऱ्याच वेळा तपासली. लाकडावर नुसत्या चिरा पडल्या, दगडी पाट्याला टाकी लावल्यासारख्या. दादूंना राहवेना. ते स्वयंपाकघरात गेले आणि कढीला फोडणी देणाऱ्या योगिनीला हळूच म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग गो. ती माणसं कापायची आहे, लाकूड फोडायची नाय. पात्याला पोटच नाय, म्हणून अडकते."

"तुम्हीच सांगा ना."

"मी कसा सांगू? जावई आहेत ते."

मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. माळ्यावर चढले आणि आजोबांची कुऱ्हाड घेऊन खाली आले. आजोबा गलबतं बांधायचे, आणि घरात त्या कुऱ्हाडीचा मान मोठा होता. जड, रुंद पात्याची, एका अंगानं पाटीसारखी सपाट, दुसऱ्या अंगानं उतरती. दांडा मात्र एका बाजूला वाकलेला. जुनं लाकूड, पावसाळी हवेत वाकडं झालं असणार, असं दादू लहानपणापासून धरून चालले होते.

"या कुऱ्हाडीनं आज्यानं गलबतं बांधली," ते छाती पुढं काढून म्हणाले. "सरका वाईच, विनीतराव."

विनीतनं कुऱ्हाड पाहिली, तोंड उघडलं आणि मिटलं. जावई गप्प राहिलेला दादूंनी पहिल्यांदाच पाहिला. आदर असा असावा, त्यांना वाटलं.

त्यांनी दोन्ही हातांनी कुऱ्हाड उचलली आणि ओंडक्याच्या मधोमध घाव घातला. घाव मधोमध पडला खरा, पण कुऱ्हाड तिथं थांबलीच नाही. सरकली, एका अंगाला वळली, लाकडाचं साल खरवडत खाली आली आणि दादूंच्या उजव्या चपलेचा अंगठा उडवून मातीत रुतली. चपलेचाच. पायाचा अंगठा त्यांनी तीनतीनदा मोजून पाहिला.

"सवय मोडलीय," ते म्हणाले. पुन्हा घाव. पुन्हा तसंच. कुऱ्हाडीला जणू कुणीतरी कोपराला धरून बाजूला ओढत होतं. विनीत पाणी प्यायला म्हणून आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

बाहेर आली ती योगिनी, हातात पळी, आणि तिच्यामागून विनीत.

"दोघंही ऐका," ती ओसरीवरून ओरडली. "बाबा, हा मला आत सांगतोय, ती कुऱ्हाड लाकूड फोडायची नाहीच. एकाच अंगाला धार आहे. लाकूड तासून सपाट करायची आहे, नि दांडा मुद्दाम वाकडा केलाय, बोटं सोलपटू नयेत म्हणून. आणि विनीत, बाबा मला सांगून गेलेत, तुझी तबर माणसं कापायची, तिला पोट नाही म्हणून ती अडकते. आता माझी कढी फुटलीय. यापुढचं एकमेकांशी बोला."

पळी हलवत ती आत गेली.

 दादूंचे कान लाल झाले. एवढी वर्षं ज्या दांड्याची त्यांना कीव यायची, तो शहाणा निघाला होता.

"मुद्दाम वाकडा?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा. लाकडाला खेटून उभं राहायचं आणि सपाट अंग लाकडाकडे..." विनीत चाचरला. "पोट नाही म्हणजे नक्की काय हो?"

जावयानं आपल्याला काही विचारलंय, हे दादूंच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. मग ते मातीत उकिडवे बसले आणि बोटानं पाचर काढून दाखवू लागले. विनीतनं शेजारी तबरीचं पातं काढलं. जाड पात्यानं लाकूड फाकतं, पातळ पातं नुसतं शिरतं. बोलता बोलता दादूंना ऐकू येईनासं झालं की ते चक्क "काय म्हणालात?" विचारू लागले. आजवर त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं.

मग हत्यारांची अदलाबदल झाली. दादूंनी तबर घेतली आणि हिरव्या डहाळ्यांवर चालवली. सप, सप, सप. केळीचं पान कापावं तशा डहाळ्या पडल्या. विनीत ओंडक्याला खेटून उभा राहिला, आणि आजोबांच्या कुऱ्हाडीखालून पिवळ्याधमक ढलप्या निघू लागल्या, सरळ, लांब. संध्याकाळपर्यंत ओंडक्याची एक बाजू पाटासारखी सपाट झाली. डहाळ्या गेल्यानं आता तो हलत होता; दोन्ही टोकांना पहारी लावून त्यांनी तो ढकलत फाटकातून बाजूला, दगडी गडग्याशी नेला. फोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आयतं बाकडं झालं होतं.

मग सगुणेनं फांदीसोबत पडलेला पिकायला आलेला फणस उचलून बाकावर ठेवला. "ती पातळवाली द्या."

"आई, ती शिवकालीन वळणाची..." विनीत कळवळला. "चीक लागेल!"

"खोबरेल लावते की." तिनं पात्याला तेल चोळलं आणि एकच घाव घातला. फणस चेंगरून न जाता बरोब्बर दुभंगला, आठळीसुद्धा कापली गेली. सगुणा पात्याकडे बघतच राहिली. "इतकी वर्षं मी कोयता घेऊन मरतेय!"

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या चार बायका आपापले फणस घेऊन आल्या. विनीत प्रत्येकीला तबरीचा इतिहास सांगत होता, आणि फणस फुटेपर्यंत त्या ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी कटरवाला आला. काम नव्हतंच. तो बाकावर बसून गरे खात राहिला आणि जाताना विचारून गेला, असली कुऱ्हाड कुठं मिळते.

निघायच्या दिवशी विनीत मखमल हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला. "आई, माझी तबर..."

"फणस संपूदेत," सगुणा म्हणाली. विषय तिथंच संपला.

दादू गाडीपाशी आले. मखमलीचा तुकडा त्यांनी जावयाच्या हातातून घेतला, आजोबांची कुऱ्हाड त्यात गुंडाळली आणि डिकीत ठेवली. "व्याख्यानाला न्या. पण पोरांना सांगताना दांडा वाकडा का ते आधी सांगा. आणि ते पाचरीचं चित्र..."

"बाबा, तुम्हीच चला ना. पुढच्या शनिवारी, रत्नागिरीला."

दादूंनी नुसती मान हलवली नाही. "किती वाजता?" त्यांनी विचारलं.

गाडीत बसलेल्या योगिनीनं कपाळाला हात लावला. आता दोघंही बोलणार होते.