गणराजच्या नावावरचं काम

गणराजला पोलिसांनी शुक्रवारी उचललं, आणि रविवारच्या बैठकीत शेखरच्या पोटात दुखायला लागलं. काळजीनं नव्हे. जो तो गणराज, गणराज करत होता म्हणून.

ही दहा-बारा जणांची मंडळी. पोटासाठी चाकण-तळेगावच्या कंपन्यांत राबणारी, आणि हौसेनं, फुकट, लोकांसाठी अ‍ॅप बनवणारी. मोशीच्या सोसायट्यांना पाण्याचा टँकर कधी येणार, कुणाचा टँकर मधेच भलतीकडे वळला, हे त्यांचं अ‍ॅप सांगायचं. माहिती उचलायचं ते टँकरच्या ठेकेदाराच्याच वेबसाइटवरून. ठेकेदारानं तक्रार ठोकली, आमच्या कॉम्प्युटरमध्ये घुसखोरी झाली. अ‍ॅपच्या कामाच्या नोंदीत नाव एकच होतं, गणराजचं.

खरं तर ती माहिती उचलणारा प्रोग्रॅम शेखरचा. सहा महिने खपून लिहिलेला. पण बाहेरची कामं त्याच्या कंपनीला चालत नव्हती. कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून त्यानंच गणराजला गळ घातली होती, "माझं काम तुझ्या नावावर चढव." गणराजनं चढवलं. तेव्हापासून कौतुक गणराजचं, सत्कार गणराजचा, आणि शेखर मागच्या खुर्चीवर टाळ्या वाजवायला. आपणच देऊन बसलेली गोष्ट परत मागता येत नाही आणि विसरताही येत नाही. तो नुसता जळत होता.

चिंचवडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये त्या दिवशी प्रश्न एकच होता. गणराजच्या पाठीशी उघड उभं राहायचं की नाही?

"आपल्या मानसाला वाऱ्यावर सोडायचं व्हय?" मोशीचा रोहिदास कडाडला. "आमच्या दारात टँकर येतोय तो त्याच्यामुळं!"

"भावनेच्या भरात काही नको," शेखर म्हणाला. "केलंय त्यानं, निस्तरेल तो." बोलल्याची त्याला लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगा, बरंही वाटलं.

हात वर झाले. शेखर सोडून सगळ्यांचे. बैठक चालवणाऱ्या जयमालानं पाठिंब्याचं पत्र वाचायला घेतलं. "गणराज यांनी एकट्याने, अत्यंत कल्पकतेने लिहिलेला हा प्रोग्रॅम..."

"एकट्यानं?" शेखरच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याला त्यातली एक ओळ जमली नसती! मी लिहिलाय तो!"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. आपण काय कबूल करून बसलो, हे शेखरला तेव्हा कळलं.

"मला माहीत आहे," जयमाला शांतपणे म्हणाली. "काल वकिलांबरोबर मी त्याला भेटले. कोणी लिहिलं म्हणून पोलिसांनी त्याला तीन तास खोदून विचारलं. प्रत्येक वेळी तो म्हणाला, मीच. मला म्हणाला, शेखरदादांचं नाव कुठं येऊ देऊ नका, त्यांची नोकरी जाईल."

शेखरला भरून आलं. पण क्षणभरच. मग पुन्हा आतून पेटलं. कौतुक त्याचं, कोठडी त्याची, आणि आता मनाचा मोठेपणाही त्याचाच! दुसऱ्यासाठी म्हणून काही ठेवायचं नाही या माणसानं.

तो उठला. जयमालाच्या हातातून पत्र ओढून घेतलं, 'एकट्याने' हा शब्द खोडला, वर आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"भावा, इचार कर," रोहिदास घाबरून म्हणाला. "नोकरी जाईल, आन् पोलीसबी दारात येतील."

"येऊ देत की," शेखर म्हणाला. "सगळं काय त्यानंच करायचं?"