धानावरचा पडदा

घरकुलाचा स्लॅब पडला, दारं-खिडक्या बसल्या, विक्कीनं स्वतः ब्रश हातात घेऊन पिस्ता रंग मारला, आणि मग मेघाच्या लक्षात आलं की घरात पाहावं असं काहीच नाही. समोरची मोठी भिंत नुसती कोरी. दोन वर्षांची लेक चिमी त्या भिंतीपुढे उभी राहून हाक मारायची आणि हाक परत आली की हसायची.

दिवाळी झाली होती. आता आठ-पंधरा दिवसांत दिघोरीची मंडई. मंडई म्हणजे घरोघरी पाहुणे, लेकीबाळी माहेरी, रात्रभर नाटक. नव्या घरात पहिल्यांदाच माणसं येणार होती. मेघाला ती भिंत भरायची होती, आणि हातचं जे असेल त्यातूनच भरायची होती. बाकी सगळं स्लॅबनं खाल्लं होतं.

मेघाचा नवरा विक्की भाड्याचा ट्रॅक्टर चालवतो, पण त्याच्या हाताला सुतारकी येते. स्लॅबच्या सेंट्रिंगच्या उरलेल्या फळ्या चिरून त्यानं चौकटी केल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या. काचा जुन्या घराच्या खिडकीच्या. मेघानं लाखांदूरच्या स्टुडिओतून लग्नाचा एक फोटो, चिमीच्या बारशाचा एक, आणि भावानं पाठवलेला माहेरच्या, एकोडीच्या तलावाचा एक, असे मोजके फोटो काढून आणले. चिमीच्या हाताला ओली हळद लावून कागदावर पंजा उठवला. रोज दुपारी चिमी झोपली की ती हे सगळं सतरंजीवर मांडून पाही, इकडचं तिकडं करी. मांडणी कशीही केली तरी मधली एक जागा ती रिकामी ठेवायची. ती जागा सासूची होती.

"आई, उद्या स्टुडिओत जातो आपण. तुमचा एक फोटो काढू."

"कायले?" उषाबाई तांदूळ निवडत होत्या.

"भिंतीले लावाले."

"मी मेलो का अजून?" त्यांनी सूप आपटलं. "विक्की, ऐक रे बाबू. तुह्या बायकोले घाई झाली माही."

"मले काय सांगतेस? तुमच्या दोघीचं तुम्ही पाहा," विक्की रंधा मारता मारता म्हणाला.

"लग्नाचा फोटो लावते ते ठीक हाये, ते शोभेचं. पण म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो भिंतीवर कोणाचा राह्यते? देवाचा, नाहीतर मेलेल्याचा. एकदा भिंतीवर चढलं माणूस का खाली नाही उतरत."

उषाबाईंच्या वयाच्या सगळ्याच बाया असं म्हणत. मेघानं मोबाइलवर गुपचूप प्रयत्न केले होते; पण म्हातारीला मोबाइलचा वास येई जणू. फोटोत कधी पदर, कधी पाठ, कधी पुढे केलेला पंजा.

मेघाचा हट्ट का होता, ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. मेघाची माय एकोडीला वारली तेव्हा घरात तिचा फोटोच नव्हता. रेशनकार्डावरचा टिकलीएवढा चेहरा मोठा करून आणला, तो फुटून धुरकट झाला, आणि चौकटीत बसवून वर हार चढवला. मेघानं आपली माय भिंतीवर पहिल्यांदा पाहिली ती हारासकट. तसं तिला दुसऱ्यांदा पाहायचं नव्हतं. उषाबाई धडधाकट असताना, रोज भांडत असताना, चिमीनं त्यांच्याकडे बोट दाखवून 'आजी' म्हणावं आणि मग भिंतीकडे बोट दाखवून पुन्हा 'आजी' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

फोटो कमी आणि चौकटी जास्त झाल्या. विक्कीला एकदा हात बसला की थांबता येत नाही. तेव्हा मेघाला पलंगाखालचं जाड कापड आठवलं. जुन्या मातीच्या घरात धानाची ढोली होती, माणसाच्या उंचीची बांबूची कणगी, आणि तिच्यावर ते कापड कायम झाकलेलं असे. घर पाडलं तेव्हा ढोली मोडली; कापड तेवढं घडी करून ठेवलं. मेघानं ते वरूनच पाहिलेलं, मातकट, धुळकट. तिनं ठरवलं, कापून चौकटीत घालू, वरून लोकरीची फुलं काढू.

त्या दुपारी उषाबाई शेतावर, बांधीत धान कापणाऱ्या बायांवर लक्ष ठेवायला गेल्या होत्या. चिमी झोपली होती. मेघानं घडी ओढून काढली, एक पदर उलटला, आणि आतून निळं आभाळ निघालं.

आधी तिला वाटलं डाग आहे. ओला फडका फिरवला तर फडक्याला निळाई लागली. तिनं घाबरून फडका टाकला, पदरानं ती जागा टिपली. मग हात कोरडे करून दुसरी घडी उलटली. ढग निघाले, कापसासारखे, खालून गुलाबी. तिसऱ्या घडीत महालाचा सज्जा. कापड एवढं मोठं होतं की खोलीत एकदम पसरेना. एक घडी उघडायची, पाहायची, गुंडाळायची, मग पुढची. खांब आले. खांबांवर वेली आल्या. पायऱ्यांवर मोर बसलेला. ढोलीतल्या धानाचं कोंडा-तूस मोराच्या पिसाऱ्यात अडकलेलं, पण रंग काल भरल्यासारखा. मेघा गुडघ्यांवर बसून पुढे पुढे सरकत राहिली. आपल्या घरात, आपण रोज जिच्या खालच्या भोकातून धान काढत होतो त्या ढोलीवर, एवढा मोठा महाल उलटा पडून होता. तिला जोरात श्वासही घेववेना.

मग तिनं कैची घेतली. कडेचं आभाळ एका चौकटीच्या मापानं कापलं, काचेखाली ठेवलं, चौकट भिंतीशी धरली. भिंतीला खिडकी फुटल्यासारखं वाटलं. तिला हुरूप आला. मोर घ्यावा, खांबाचा तुकडा घ्यावा, असं मनात मापं घेत तिनं शेवटची घडी उलटली.

तळं होतं. कमळं होती. तळ्याच्या काठावर झाडाची फांदी धरून एक बाई उभी होती. राणीचं लुगडं, नाकात नथ. पण उभी कशी? एका पायावर. दुसऱ्या पायाचा तळवा पोटरीला टेकवलेला, बगळ्यासारखा.

मेघाची कैची हातातच राहिली. असं एका पायावर उभं राहणारं माणूस तिनं जगात एकच पाहिलं होतं, आणि रोज सकाळी नळावर पाहत होती. तिनं चेहरा पाहिला. चेहरा कोवळा होता, उघडा होता, सरळ तिच्याकडेच पाहत होता. भुवया चिमीच्या होत्या.

"पाणी त नाही लावलं ना त्याले?"

उषाबाई दारात उभ्या होत्या, विळा कमरेला खोचलेला.

"थोडंसं," मेघा पुटपुटली.

"सरसात कालवलेले रंग हायेत ते. पाण्यानं उतरते सारं." त्या आत आल्या, सतरंजीच्या कडेला बसल्या. तळ्याकडे त्यांनी पाहिलं आणि उगाच पदर सारखा केला.

"आई, ह्या तुम्ही आहात."

"तुले कोण सांगतलं?"

"पायानं सांगतलं."

म्हातारीला हसू आवरेना. "बापा, थकलो होतो ना उभं राहून राहून. दोन्ही पाय भरून आले, म्हणून एक उचलला. मी म्हटलं थांबा, नीट उभी राह्यतो, त म्हणे हलू नको, असंच राह्य."

मग थोडं थोडं करत निघालं. विक्कीचे बाबा श्रावण, मेघानं न पाहिलेले सासरे, गावच्या नाटक मंडळाचे पडदे रंगवत. त्या काळी गावचीच पोरं मंडईत नाटक करत. बायांची कामंही पोरंच लुगडी नेसून करत. उषाबाई नवी सून म्हणून आल्या त्याच वर्षी मंडळाला बागेचा पडदा हवा होता. श्रावणनं नव्या बायकोला गुरांच्या कोठ्यात उभं केलं, बैलांच्या पलीकडे, कोणी पाहू नये म्हणून.

"आणि गावानं ओळखलं नाही?"

"ओळखन कसं? छातीपर्यंत पदर राहे माहा. गावात कोणी तोंडच नव्हतं पाह्यलं." उषाबाईंनी पडद्यावरचं एक तूस चिमटीनं उचललं. "मंडईच्या रात्री सारं गाव मले पाहे, आणि मी बायाईत पदर वढून बसून गावाले पाहो. एक बार शकुनबाई बाजूले बसली होती, म्हणे कोण्या देशची राणी व ही? मी म्हटलं, असन बाई कोणती तरी."

मेघानं कैची खाली ठेवली. एवढं गुपित पोटात घेऊन ही बाई रोज तिच्याशी मिठावरून भांडत होती.

"मग हे ढोलीवर काहून? आणि तोंड खाली करून?"

"मंडळ मोडलं, वडशाच्या मोठ्या नाटक कंपन्या येऊ लागल्या. पडदा घरी आला. मग ते गेले." उषाबाईंनी कमरेचा विळा काढून बाजूला ठेवला. "रंग माणसाच्या हातानं जाते, मेघा. धानाले हात नाही. म्हटलं, तिचं तोंड धानाकडं राहू दे. सुगी झाली, ढोली भरली, का तिले दिसन घरात धान हाये. उणं हाये का पुरं हाये, तिलेच ठाऊक."

आत चिमी कूस बदलून पुन्हा झोपली. मेघानं चौकटीतला तुकडा पुढे केला. "मी आभाळ कापलं, आई."

उषाबाईंनी तो तुकडा हातात घेऊन पाहिला, पडद्याकडे पाहिलं. "आभाळ बहुत हाये," त्या म्हणाल्या.

"हिले नाही कापत मी. जशी हाये तशी ठेवतो."

"ठेवशीन कोठं? पुन्हा पलंगाखाली? ढोली त राहिली नाही." त्यांनी कैची उचलून मेघाच्या हातात दिली. "काप. भिंतीले लाव."

मेघाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "तुम्हीच म्हणता ना, जित्या माणसाचं…"

"मी कोठं हाये तिथं? हे त्याईचं काम हाये. विक्कीच्या बाबाचा एक फोटो नाही आपल्या घरी, तुले ठाऊक हाये. मेलेल्या माणसाचं लावाले काय हरकत हाये? लाव."

आपलं तोंड भिंतीवर जाणार हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी वाट काढली होती, आणि त्या वाटेत मेघानं आडवं यायचं नव्हतं. उषाबाईंनी दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं. "पाय घे. फांदी घे. पाण्यातली सावली बी घे, तिच्यावर लय दिवस मेहनत केली होती त्याईनं." मेघानं कापलं.

संध्याकाळी विक्कीनं घरातली सगळ्यांत लांब फळी चिरून चौकट केली. त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ त्या चित्रापुढे उकिडवा बसून होता. बाप गेला तेव्हा तो चिमीएवढा होता. मग म्हणाला, "बाबाचं हाये त मग हार पाहिजे."

"हार घालून पाह्य तू," उषाबाई म्हणाल्या. "तुहेच हात तोडतो. त्याईले करायचं असन त खाली उदबत्ती लाव. दुरून."

मंडईच्या दिवशी घर भरलं. नणदा, त्यांची पोरं, एकोडीचा भाऊ. बाहेर शामियान्यातून माइकवर 'हॅलो, हॅलो' सुरू होतं. पाहुण्यांनी फोटो पाहिले, चिमीचा हळदीचा पंजा पाहिला, आभाळाचा तुकडा पाहून कुठून घेतला म्हणून विचारलं. चौथ्या प्रहरी शेजारचे दादाजी चहाला आले. तरुणपणी ते मंडळातली नायिका होते; अजूनही बोलताना मान वेळावतात. उषाबाई त्यांना पाहून नेहमीसारख्या पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या.

दादाजींची नजर भिंतीवर गेली आणि कप ओठापाशीच थांबला.

"वहिनी, हा त आपला बागेचा पडदा होय."

"होय भाऊजी."

"ही बाई होती त्याच्यावर?"

"काहो दादाजी," मेघा म्हणाली, "इतक्या मंडया तुम्ही याच पडद्यापुढं काम केलं, आणि ही दिसली नाही?"

"आमची पाठ राहे ना बाई पडद्याकडं. पाहणारे पाहत. आम्ही लोकाईकडं पाहो." त्यांनी कप खाली ठेवला, खिशातून चश्मा काढला, भिंतीजवळ गेले. बोट पुढे नेलं, पण लावलं नाही. "किती जीव ओतला रे यानं. श्रावण सांगे नाही, विचारलं त हसे नुसता. कोण हाये ही?"

विक्कीनं मेघाकडे पाहिलं. मेघानं जमिनीकडे पाहिलं. हे तिनं सांगायचं नव्हतं. माइकवर कोणीतरी गणपतीचं नाव घेतलं, आणि बाहेर पोरांचा गलका झाला.

"मीच होय, भाऊजी," उषाबाई म्हणाल्या.

त्यांनी हे डोकीवरचा पदर तोंडावर न ओढता, दारात उभ्या उभ्या, साध्या आवाजात सांगितलं, जसं कोणी विचारावं भात शिजला का आणि त्यांनी हो म्हणावं. दादाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चित्राकडे पाहिलं. मग पुन्हा त्यांच्याकडे. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी वहिनीचं तोंड असं समोरासमोर कधी पाहिलं नसावं.

"विक्की," ते हळूच म्हणाले, "माही खुर्ची जरा इकडं फिरवून दे."

विक्कीनं खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. बाहेर पोरं पुढची जागा धरायला पळत होती. दादाजी खुर्चीत बसले आणि हात मांडीवर ठेवून पाहत राहिले.