बांधावरची सोनकी

बायडाबाईंच्या घरात गौर सोनकीची. बाकीच्या खराडी गावाने खुशाल तेरडा आणावा, यांच्याकडे मात्र स्वतःच्या बांधावरची पिवळ्या फुलांची सोनकीच मुळासकट उपटायची. तिथेच तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि ती थेट घरच्या उंबऱ्याशी टाकायची. वाटेत अवाक्षर काढलं की गौर रुसली. एरवी बाईंच्या जिभेला हाड नाही, पण चाळीस वर्षांत या वाटेवर त्या एकदाही बोलल्या नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी मुलाने, संपतने, शेत विकलं. तिथे यंदा आयटी कंपनीची काचेची इमारत उभी राहिली.

"मंडईतून तेरडा आणतो की," संपत म्हणाला.

"आईबी मंडईतनंच आण," म्हातारी म्हणाली.

बागकामाच्या बायकांच्या घोळक्यात शिरून बाई सकाळीच कंपनीच्या आवारात गेल्या. सगळीकडे कापलेली हिरवळ. फक्त मागच्या भिंतीशी, माळ्याचं यंत्र पोचत नाही तिथे, बांधाचा हातभर तुकडा उरला होता आणि त्यावर सोनकीची पाच-सहा रोपं. बाईंना रडूच आलं. दोन रोपं उपटून त्यांनी पदरात घेतली, तांब्यातली चूळ भरली आणि वळतात तो समोर वॉचमन.

"काय घेतलं? पास कुठंय?"

बाई गप्प.

"मुक्या आहात का? बाहेरच्या माणसांना आत मनाई आहे."

बाहेरच्या! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी घटकन पाणी गिळलं.

"बाहेरचा तू! ह्यो बांध माझा हाय!"

बोलल्या आणि मटकन खाली बसल्या. "चूळ मोडली रं. गौर नेत हुते घरला."

वॉचमन बद्रीनाथ वाशीमकडचा. त्याच्याही घरी आज महालक्ष्म्या यायच्या होत्या, पण त्याला सुट्टी मिळाली नव्हती. त्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली.

"पुन्हा भरा चूळ, मावशी. फाटकापर्यंत मी सोबत येतो, कोणी बोलायला लावणार नाही."

घरी उंबऱ्याशी सून शालन ताट घेऊन उभी होती, मागे संपत. बाईंनी चूळ टाकली.

"वाटेत बोलला नाहीत ना, आत्याबाई?"

"बोलले की."

शालनने ताट मागे घेतलं. बाईंनी लेकाकडे बघितलं.

"पर वाटंत न्हाई. आपल्या शेतात बोलले."