गायकाला पहिला घास

सोलापूर फिरायला आलेलं करमाळ्याचं जोडपं, सयाजी आणि बजाबाई, रात्री गाण्याच्या हॉटेलात जेवायला बसलं. गायक असा किंचाळत होता की सयाजीला घास गिळवेना.

"आपल्यात गाणाऱ्याला आदी जेवू घालत्यात," म्हणत बजाबाई उठली. गायकानं तान घ्यायला आ वासला, तोच शेंगाचटणी लावलेली चतकोर कडक भाकरी तिनं त्याच्या तोंडात कोंबली. सयाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या. "आईचं काळीज!" शेजारच्या टेबलावरून कुणी म्हणालं.

बजाबाई परत येऊन ऐसपैस बसली.

"जेवा आता निवांत," ती हळूच म्हणाली. "मऊ भाकरीबी होती की ताटात. पर कडक दिली. दोन गाणी तरी चावत बसंल."