डावा काठ नसलेला कागद

माझं उत्तर बरोबर निघालं आणि तरीही नोकरी मिळाली नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आत्ता सकाळचे दहा वाजलेत आणि मी आशेवर आहे.

वाद्यवृंदाच्या कागदांच्या खोलीत मी तीन महिने उमेदवारी करत होतो. काम स्वरलिपीच्या नकला करण्याचं. संचालिकाबाईंनी बासरीचा एक जुना कागद समोर टाकला. "बारापर्यंत याची पट्टी सांग. बरोबर आली तर आजच कायम करते."

पट्टी, म्हणजे रचना कोणत्या सुरावर उभी आहे ते, ओळीच्या सुरुवातीच्या चढ्या-उतरत्या सुरांच्या खुणांवरून कळते. या कागदाला सुरुवातच नव्हती. डावा काठ वरपासून खालपर्यंत सरळ कापलेला.

मी कपाटवाल्या काकांकडे पाहिलं. ते टाचण्या मोजत होते. निष्पाप माणूस टाचण्या मोजत नाही.

"काका, हे कोणी कापलं?"

"मी. नवं कपाट दोन बोटं अरुंद आलं."

"मग उजवीकडून कापायचं!"

"उजवीकडे शेवट असतो. तो कापला तर वाजवणारे थांबणार कसे? सुरुवातीचं काय, बाईंनी हात वर केला की होते."

उत्तर इतकं तयार होतं की संशय पक्का झाला. काकांच्या जावयाचा याच जागेवर डोळा होता. हे काकांनी स्वतः मला दोनदा सांगितलं होतं. इतकं उघड सांगणं म्हणजे लपवाछपवीचा कळसच.

मी कागदावर वाकलो. सातव्या खान्यात एफपुढे नॅचरलची, म्हणजे सूर साधा करण्याची, खूण होती. म्हणजे एरवी तो शार्प, अर्धा सूर चढा. नाहीतर त्याला खाली उतरवायची गरजच काय? अकराव्यात सी आणि डी यांना शार्प मुद्दाम लावलेले. म्हणजे ते घरचे नव्हेत, पाहुणे; कापलेल्या काठावर एफचा एकच शार्प असणार. शेवटी सूर ईवर येऊन टेकला होता.

काका चहा घेऊन आले. मी कागद झाकला.

"झाकतोस काय? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"असं कळणारेच म्हणतात."

पावणेबाराला मी म्हणालो, "ई मायनर."

बाईंनी पियानोवर वाजवून पाहिलं, मान हलवली. "अगदी बरोबर. काका, नोंदवहीत चढवा, म्हणजे याचे कागद पुढे पाठवते."

काकांनी नोंदवही उघडली आणि पेन बंद केलं. "पट्टी फक्त मूळ कागदावरून उतरवायची, असा नियम आहे."

"हाच मूळ कागद."

"अपुरा आहे."

"तुम्हीच कापलात ना!" मी ओरडलो.

"म्हणून तर खात्रीने सांगतोय."

मग त्यांनी कपाटामागून कापलेल्या काठांचा गठ्ठा काढला, सुतळीने नीट बांधलेला. "फेकत नाही मी काही. यातला तुझा शोध."

एकच शार्प असलेले एकतीस काठ निघाले. एकतीसच्या एकतीस त्या कागदाला चपखल बसले. काकांचा हात सरळ होता, हाच घात.

"नोंद नाही, तर कायम करता येत नाही रे," बाई म्हणाल्या.

"आणि तुमचा जावई?" मी काकांना विचारलं.

"तो? कागद बघूनच पळाला."

यावरही माझा विश्वास बसला नाही. मी तिथेच बसून अर्ज लिहिला:

मा. व्यवस्थापक यांस,
सदर रचनेचे रचनाकार निवर्तून एकशे दहा वर्षे झाली असली, तरी त्यांना कार्यालयीन वेळेत समक्ष पाचारण करून पट्टीबाबत लेखी खुलासा घ्यावा, आणि तो मिळेपर्यंत अर्जदाराची जागा कोणाच्याही जावयास देऊ नये, ही नम्र विनंती.