कॅसेटमधले तिसरे कडवे

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. तुमच्या कंपासपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी, आणि पोटात गुंडाळलेली लांबच लांब फीत. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी हातात धरले नसेल. पण माझ्या पोटात जे होते, ते उभ्या जगात दुसरीकडे कुठेच नव्हते, आणि ते मला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

मला सत्यवान यांनी कोकणातल्या आचरे गावी आणले. ते जहाजावर नोकरीला होते. एका फेरीत त्यांनी व्हीसीआर आणला आणि त्यासोबत आम्ही दहा कोऱ्या कॅसेट आलो. त्या वर्षी टीव्हीवर ‘खाडीपलीकडे’ नावाची मालिका लागत असे. तिचे चित्रीकरण आचऱ्यातच झाले होते. शेवटच्या भागात होडी खाडी ओलांडून जाते, तेव्हा मागून एका बाईचा आवाज येतो. ना पेटी, ना तबला, नुसता आवाज. तो आवाज वाडीतल्या सुशीलाचा होता. भातलावणी करताना ती गात होती. दिग्दर्शकांनी ते बांधावरून ऐकले आणि तिला शाळेच्या खोलीत बसवून तिचे गाणे ध्वनिमुद्रित केले.

तो शेवटचा भाग सत्यवान यांनी माझ्यावर उतरवून घेतला आणि लगेच माझ्या कडेची छोटी पट्टी मोडून टाकली.

“आता हेच्यार दुसरा कायच भरूक येवचा नाय,” ते म्हणाले.

काय दिवस होते ते! सत्यवान यांच्या घरापुढच्या खळ्यात वाडी जमायची. होडी निघाली की सगळे गप्प व्हायचे. सुशीला मात्र मान खाली घालून बसायची आणि गाणे संपले की हळूच हसायची. मला इतका अभिमान वाटायचा की फीत आणखी जरा जोरात फिरावी असे वाटे.

मग व्हीसीआर बिघडला. नवे टीव्ही आले, नव्या तबकड्या आल्या. मी एका पत्र्याच्या पेटीत गेले. पंचवीसेक पावसाळे आले आणि गेले. दमट हवेने माझ्या फितीवर पांढरी बुरशी धरली. मला वाटले, आपले आयुष्य संपले.

तोवर सुशीला आजी झाली होती. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज कायमचा बसला होता. तिची नात अनुजा कॉलेजात शिकत होती, पण तिने आजीला गाताना कधीच ऐकले नव्हते. म्हणून ‘खाडीपलीकडे’चा डीव्हीडी संच बाजारात आल्याचे कळताच तिने तो मागवला आणि सगळ्यांना बोलावून शेवटचा भाग लावला. होडी निघाली. आणि मागून वाजू लागला कीबोर्ड.

“आजये, तुजा गाणा खंय गेला?” अनुजाने विचारले.

जमलेल्या मुलांतून कोणीतरी हसले. म्हातारीने उगाच बढाई मारली असेल, असे त्यांना वाटले.

अनुजाने संच काढणाऱ्या कंपनीला पत्र लिहिले. महिन्याभराने उत्तर आले. जुन्या गाण्याच्या हक्कांचे कागद सापडले नाहीत, म्हणून त्या जागी नवे संगीत घातले आहे. मूळ ध्वनिफीतही आता उरलेली नाही.

ते उत्तर घेऊन अनुजा आजीच्या सांगण्यावरून सत्यवान यांच्याकडे गेली. त्यांनी पेटी उघडली. पंचवीस वर्षांनी माझ्यावर ऊन पडले.

दुसऱ्याच दिवशी अनुजा मला घेऊन देवगडला गेली. तिथे देवेश नावाचे गृहस्थ पूर्वी लग्नांचे व्हिडिओ काढत. त्यांच्याकडे चालू व्हीसीआर होता. त्यांनी मला उजेडात धरले आणि तोंड वाकडे केले.

“बुरशी पुसून बघतंय. पण एकदाच चलात. मधीच तुटली तर माका बोल लावू नको.”

दोन दिवस ते मऊ फडक्याने माझी फीत हातभर हातभर करत पुसत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी अनुजा सुशीलाला घेऊन आली. देवेश यांनी व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडला आणि मला आत सरकवले. मित्रांनो, मी स्वतःला बजावले, होडी पलीकडे पोचेपर्यंत तुटायचे नाही.

पडद्यावर आधी नुसत्या रेघा आल्या. मग खाडी दिसली. मग होडी. आणि मग तो आवाज आला, स्वच्छ, कोवळा, थेट.

अनुजाने आजीचा हात घट्ट धरला. पहिले कडवे झाले, दुसरे झाले. मध्येच चित्र गेले, पडदा काळा झाला. देवेश यांनी बटणाकडे हात नेला.

“थांब रे,” सुशीला घोगऱ्या आवाजात म्हणाली. “माका ऐकाक दी.”

काळ्या पडद्यामागून तिसरे कडवे आले :

होडयेक खाडी, खाडयेक वारो,
वाऱ्याक सांगलंय निरोप सारो.

सुशीला एकदम ताठ बसली. “ह्या सगळा गाणा माजे आवशीन रचलेला. माका ह्या कडवा आठवतच नाय होता.” डोळे पुसून ती पुढे म्हणाली, “दुसऱ्या ओळीक माजो सूर चढलो हा, बघ.”

तिघेही हसले. गाणे संपले, आणि त्यानंतरच मी तुटले. पण तोवर सगळे कॉम्प्युटरमध्ये उतरले होते.

आता ते गाणे वाडीतल्या बायका भातलावणीला गातात, तिन्ही कडव्यांसह. अनुजा त्यांच्यात सर्वांत मोठ्याने गाते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी पेटीत पडून असेल. त्याला बाहेर काढा, कोरडे ठेवा. आणि आत कोणाचा आवाज आहे ते, सांगणारे माणूस आहे तोवर, विचारून लिहून ठेवा. माझ्या लेबलावर इतकी वर्षे नुसते मालिकेचे नाव होते. अनुजाने त्याखाली पेनाने लिहिले आहे : ‘गाणे रचले मथुरा हिने. गायले तिची मुलगी सुशीला हिने.’